पियानो आहे म्हणून कॉन्चेर्टो?

धरमपेठेत एका मित्राकडे आम्ही रविवारी रेकॉर्ड ऐकायला जमतो. परवा कूलर बंद करून, घाम पुसत, फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँची ‘तुरंगलीला सिम्फनी’ ऐकली. पाचव्या भागाच्या शेवटी पियानो एकटाच असा उसळला की शेजारचे काका म्हणाले, “याला सिम्फनी काहून म्हणतात बाप्पा? हा तर पियानोचा कॉन्चेर्टो!”

शंका रास्त आहे. सिम्फनी म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदाची मोठी रचना, कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याला नायक करून वाद्यवृंदासोबत बांधलेली. पण आपली पेटी आठवा. गाण्याच्या मैफलीत पेटीवाल्यानं कितीही देखणी जागा घेतली तरी ती साथच. तोच माणूस एकल वाजवायला बसला की तबला त्याच्या कलानं चालतो. पेटी तीच, बोटं तीच, नातं वेगळं.

१९४६ ते ४८ मध्ये लिहिलेल्या ‘तुरंगलीला’त दहा भाग आहेत, ऐकायला सव्वा तास तरी लागतो. पियानो भयंकर अवघड, पण बराच वेळ तो चेलेस्टा, व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांच्या आणि घंटांच्या किणकिणाटात मिसळलेला असतो. बाजूला ओंद मार्तेनो हे विजेवरचं वाद्य विव्हळत असतं, तेही तितकंच महत्त्वाचं. (‘तुरंगलीला’ हे नाव आपलंच: शारंगदेवाच्या १२० देशी तालांच्या यादीतलं. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या पंडिताचा ताल पॅरिसमार्गे धरमपेठेत परतला!)

आता इंग्रज संगीतकार थॉमस आदेसचा २०१८ चा पियानो कॉन्चेर्टो घ्या. जलद, संथ, जलद असे तीन भाग, वीसेक मिनिटांत संपतो. पियानोवादक किरील गर्स्टीननं तो मार्च २०१९ मध्ये बॉस्टनला पहिल्यांदा वाजवला. इथे पियानो काहीतरी टाकतो, वाद्यवृंद ते उचलतो, वाकडं करून परत फेकतो. पियानो काढला तर उरलेले लोक कोणाशी बोलणार? मला कॉन्चेर्टोची हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. स्वर किती वाजले ते मोजण्यात अर्थ नाही.

त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला पियानोवादक युजा वांगनं अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचा नवा कॉन्चेर्टो वाजवला. त्यात वाद्यवृंदातही एका बेसूर, गुत्त्यातल्या पियानोचा आवाज आहे. म्हणजे एकाच रचनेत एक पियानो नायक, दुसरा साथीदार.

नावावर मात्र विसंबू नका. अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाईनच्या १९४९ च्या दुसऱ्या सिम्फनीत पियानो जवळजवळ नायकच आहे. पुढच्या रविवारी काकांना तीच ऐकवणार आहे, भांडण ठरलेलंच.