पॉलिकीट कृमींच्या जाती ओळखणे

पॉलिकीट हा वलयी (ॲनेलिडा) संघातील, मुख्यतः समुद्रात राहणाऱ्या कृमींचा गट. गांडूळ आणि जळू हे त्यांचे नातलग. बहुतेकांच्या अंगावर वलयागणिक दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे मांसल पार्श्वपाद असतात आणि त्यांतून राठ केसांचे, म्हणजे दृढरोमांचे, झुबके बाहेर आलेले असतात. आतापर्यंत दहा हजारांहून अधिक जातींची वर्णने झाली आहेत. हातात आलेला किडा त्यांपैकी कोणता, हे शरीररचनेवरून ठरवतात. रंगावर कोणी विसंबत नाही. ओहोटीला खडपावर हिरवा-तांबूस चमकणारा किडा बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये गेला की हळूहळू पिवळट होतो.

आधी कूळ, मग वंश, मग जात असा क्रम असतो. कुळासाठी बरेचदा डोके पुरते. नेरीस आणि तिच्या कुळाला सहसा चार डोळे, दोन बारीक शृंगिका (मिशा), दोन जाडजूड स्पर्शक आणि डोक्यामागे लांब तंतूंच्या तीन-चार जोड्या असतात. ग्लिसेराचे पुरोमुख, म्हणजे डोक्याचा तोंडापुढचा भाग, टोकदार, वलये पडलेल्या शंकूसारखे असते. त्याच्या टोकाला चार इवल्या शृंगिका आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या लांब सोंडेला चार काळे जबडे. गोनिआडाचे डोकेही थेट असेच दिसते, म्हणून सोंड बाहेर आलेली नसेल तर नवखा हमखास फसतो. तिथे जबडे चार नसून लहानमोठ्या तुकड्यांचे कडे असते. नेफ्टिसचे पुरोमुख चौकोनी असते. पार्श्वपादाच्या वरच्या आणि खालच्या फाट्यांमध्ये आकड्यासारखा वळलेला कल्ला असतो. तो बाहेरच्या बाजूला वळला तर नेफ्टिस, आतल्या बाजूला वळला तर त्याच कुळातला ॲग्लाओफॅमस.

कोणती खूण महत्त्वाची, हे कुळागणिक बदलते. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच किल्ली शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते. नेरीसच्या कुळात सगळी मदार ग्रसनीवर, म्हणजे घशावर, असते. ही ग्रसनी हातमोज्याचे बोट उलटे करावे तशी बाहेर येते. सूक्ष्मदर्शकाखाली ती फुगीर, मऊ आणि फिकट दिसते. टोकाला दोन वाकडे जबडे आणि सभोवती तपकिरी दाण्यांची नक्षी. हे दाणे म्हणजे पॅराग्नॅथ. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ किनबर्ग यांनी १८६५ मध्ये ग्रसनीच्या पृष्ठभागाचे आठ भाग पाडले. जबड्यांकडच्या कड्यावर पहिले चार, तोंडाकडच्या कड्यावर उरलेले चार. कोणत्या भागात किती दाणे आणि कोणत्या आकाराचे, हे आजही याच क्रमांकांनी लिहितात. सहाव्या भागात नुसते शंकूसारखे दाणे असतील तर नेरीस असण्याचा संभव. आडव्या पट्टीसारखे असतील तर पेरिनेरीस. त्यातही दोन्ही बाजूंना एकेकच रुंद पट्टी असेल तर पेरिनेरीस कल्ट्रिफेरा, आखूड पट्ट्यांची ओळ असेल तर पेरिनेरीस नुन्शियाचा गट. लिओनेटिसच्या तोंडाकडच्या कड्यावर टणक दाण्यांऐवजी मऊ उंचवटे असतात. ग्रसनी आत राहिलेल्या नमुन्याचा गळा खालून चिरून पाहावे लागते, आणि ते काम किचकट आहे. म्हणून किडे फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करतात.

डोके पाहून काम संपत नाही. अंगाच्या मधल्या भागातला एक पार्श्वपाद कापून ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर ठेवतात आणि दृढरोमांची टोके पाहतात: सांध्याची की बिनसांध्याची, टोक लांब सुईसारखे की आखूड कोयत्यासारखे. तो कितव्या वलयाचा, हे लिहून ठेवलेच पाहिजे, कारण एकाच किड्यात पुढचे आणि मागचे दृढरोम वेगळे असतात. हेडिस्टे वंशाची खूण असलेले, सांधा जुळून एकसंध झालेले जाड दृढरोम शरीराच्या मागच्या भागातच सापडतात. शेपूट तुटून गेलेला नमुना इथे निरुपयोगी.

खवलेवाल्या पॉलिकीटांत पाठीवरच्या खवल्यांच्या जोड्या मोजतात. लेपिडोनोटसला बारा, हार्मोथोला पंधरा. पण पकडताच हे किडे खवले गाळून टाकतात, तेव्हा खवले जिथे चिकटलेले होते ते उंचवटे मोजायचे. चुन्याच्या नळीत राहणाऱ्या हायड्रॉइडिसमध्ये नळीचे दार लावणारे झाकण पाहतात; त्याच्या नरसाळ्यावर काट्यांचा मुकुट असतो आणि त्या काट्यांच्या आकारावरून जात ठरते. बोटींच्या तळाला थर धरणारी हायड्रॉइडिस एलेगन्स ही जात दीर्घकाळ हायड्रॉइडिस नॉर्वेजिकस म्हणून नोंदवली जात होती.

वय आणि प्रजननकाळही घोळ घालतात. नेरीसच्या कुळातले अनेक किडे प्रजननाच्या वेळी पाण्यात पोहायला निघतात, तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात, पार्श्वपाद रुंदावतात आणि नवे, वल्ह्यासारखे चपटे दृढरोम उगवतात. हे रूप इतके वेगळे असते की त्याला हेटेरोनेरीस नावाचा स्वतंत्र वंश समजले गेले होते.

भारतात १९२१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सदर्न यांनी चिल्का सरोवरातल्या पॉलिकीटांवर काम केले आणि फोव्हेल यांचा भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. तो अजूनही टेबलावर असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे: त्यातली कितीतरी नावे युरोपच्या किनाऱ्यावरच्या किड्यांची आहेत. पेरिनेरीस कल्ट्रिफेराचा मूळ नमुना नेपल्सचा, मार्फिसा सँग्विनियाचा इंग्लंडमधल्या डेव्हनचा. कोकणातल्या खडपावर किंवा गोव्याच्या खाजणात तीच जात राहते, असे निव्वळ जुन्या यादीच्या भरवशावर म्हणू नये. चिल्कासारख्या निमखाऱ्या पाण्यात सापडणारा डेंड्रोनेरीस मात्र पिसांसारख्या फांद्या फुटलेल्या कल्ल्यांमुळे लगेच कळतो.

शरीररचनेलाही मर्यादा आहे. प्लॅटिनेरीस ड्युमेरिली आणि प्लॅटिनेरीस मॅसिलिएन्सिस दिसायला सारख्याच. पहिलीत नर-मादी वेगळे असतात. दुसरीत किडा आधी नर व पुढे मादी होतो आणि अंडी नळीतच सांभाळली जातात. प्रदूषित चिखलाची खूण मानली जाणारी कॅपिटेला कॅपिटाटा ही एकच जात नसून किमान सहा जाती आहेत, हे १९७६ मध्ये अमेरिकेत विकरांच्या (एन्झाइमांच्या) तपासणीतून पुढे आले. फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. त्यामुळे हल्ली शेपटीचा तुकडा आधी कापून अल्कोहोलमध्ये ठेवतात, उरलेला किडा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक घालतात.