बटर, ब्रेड आणि साखरेचे रंगीत दाणे

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मुलांच्या वाढदिवसाला ‘फेअरी ब्रेड’ नावाचा खाऊ हमखास असतो. पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसवर बटर लावायचे, त्यावर साखरेचे रंगीबेरंगी बारीक दाणे पसरायचे आणि त्रिकोणी तुकडे कापायचे, एवढीच त्याची कृती आहे. लहानपणी बटर-साखर लावलेला ब्रेड खाल्लेल्यांना त्यात फारसे नवल वाटणार नाही. मात्र सोलापुरात जानेवारीत कुरकुरीत राहणारा हा खाऊ मे महिन्यात पाहता पाहता ओलसर होतो आणि दाण्यांचे रंग ब्रेडवर उतरतात. असे का होते, हे समजण्यासाठी बटरकडे पाहावे लागते.

ब्रेडच्या वजनात साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असते. ब्रेडचा मऊ भाग बंद डब्यात ठेवला, तर डब्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. साखरेचे स्फटिक मात्र आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळू लागतात. म्हणजेच बटर न लावलेल्या ब्रेडवर टाकलेल्या साखरेचा थोड्या वेळात पाक होणे अटळ आहे, आणि दाणे जितके बारीक तितके ते लवकर होते. बटर हे पाणी अडवते. त्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेले पाणी त्या स्निग्धांशात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने कोंडलेले असते. त्यामुळे बटरचा सलग थर ब्रेडमधील ओलावा दाण्यांपर्यंत सहजी पोहोचू देत नाही. दाणे चिकटवणे हे त्याचे दुय्यम काम म्हटले पाहिजे. म्हणूनच ते कडेपर्यंत, जागा न सोडता लावावे. तिथे काटकसर केली की रंग सुटलाच. घरी ताक घुसळून काढलेले लोणी चवीला सरस असले, तरी त्यात पाणी जास्त राहते, त्यामुळे या कामी ते तितकेसे उपयोगी नाही.

बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोलापूरचा पारा उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे जातो. वितळलेल्या बटरमधील पाणी वेगळे होते, तूप ब्रेडच्या छिद्रांत शोषले जाते आणि दाणे थेट ओल्या ब्रेडवर टेकतात. त्यांवरील खाद्यरंग बहुधा पाण्यात विरघळणारे असल्यामुळे बिघाड आधी डोळ्यांना दिसतो आणि मग जिभेला कळतो.

सोलापूरकरांना अशा दाण्यांची घडण परकी नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतच येणाऱ्या संक्रांतीला, विशेषतः बोरन्हाणासाठी, जो हलवा लागतो, तो याच तत्त्वावर होतो. मंद आचेवरच्या परातीत खसखस किंवा तीळ घेऊन त्यांवर थोडा थोडा पाक सोडत राहायचे. प्रत्येक वेळी पाण्याची वाफ होते आणि साखरेचा एक पातळ थर मागे उरतो. थंडीतील कोरड्या हवेत हे सुकणे चांगले साधते. कारखान्यात हेच काम फिरत्या पिंपात होते आणि दाणे एकमेकांवर सतत घरंगळत राहिल्याने गुळगुळीत होतात. खसखशीवरचा बारीक हलवा उरला असेल, तर फेअरी ब्रेडसाठी तो वापरायला काहीच हरकत नाही. माझ्या मते तो अधिक शोभेल.

उन्हाळ्यातील वाढदिवसासाठी सगळी तयारी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, परंतु बटर वाचवताना त्यात ब्रेड बिघडतो. भाजताना फुगून विस्कळीत झालेले स्टार्चचे रेणू पुढे पुन्हा स्फटिकासारखे रचले जातात आणि ब्रेड शिळा, कडक लागतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणून ताजा ब्रेड बंद पिशवीत बाहेरच ठेवावा, बटर फ्रिजमधून काढून पसरण्याइतके मऊ होताच लावावे, आणि दाणे मुले खायला बसल्यावरच टाकावेत.