नसांच्या गोळीबरोबर ताकदीच्या गोळ्या

नसांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू असताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, झिंक असल्या खनिजांच्या गोळ्या सोबत घ्यायच्या झाल्या तर वेळ, मात्रा आणि किडनी या तीन गोष्टी कशा सांभाळायच्या, त्याची ही नोंद. बोलताना आपण पहिलीला नसांची गोळी म्हणतो आणि दुसरीला ताकदीची गोळी. घोळ इथूनच सुरू होतो, कारण ताकदीची गोळी हे औषध आहे असं कुणाला वाटतच नाही, आणि डॉक्टरांनी "अजून काय चालू आहे?" असं विचारलं की मामा सरळ "काही नाही" म्हणून मोकळे होतात.

नसांचं दुखणं म्हणजे शुगरमुळं तळपायाची होणारी आग, मुंग्या, बधिरपणा, नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी जळजळ, मणक्यात नस दबून पायात उतरणारी कळ. साध्या पेनकिलरनं हे फारसं हलत नाही, म्हणून गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आणि चेहऱ्यातल्या विजेसारख्या कळेला कार्बामाझेपिन देतात. ही सगळी चिठ्ठीवरची औषधं आहेत. ताकदीची गोळी मात्र आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये मागितली की मिळते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा गॅबापेन्टिनचा आहे. हे औषध आतड्यातून एका ठराविक वाहकामार्फत रक्तात जातं आणि त्या वाहकाची क्षमता मर्यादित असते, त्यामुळं दिवसाला 900 मिलिग्रॅम तीन वेळात विभागून घेतलं तर साधारण 60 टक्के आत जातं पण 2400 मिलिग्रॅम घेतलं तर 34 टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे मुळातच आत जाणारं औषध कमी, आणि त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड म्हणजे पित्ताचं औषध त्याच वेळेच्या आसपास घेतलं तर आणखी सुमारे 20 टक्के घट होते. म्हणून अँटासिड घेतल्यावर किमान दोन तासांनी गॅबापेन्टिन घ्यावं. मॅग्नेशियम ऑक्साईडच्या गोळीनंही शोषण घटतं, तिलाही हेच अंतर ठेवावं. आता रविवारचं चित्र बघा, दुपारी तांबडा-पांढरा झाला, रात्री उरलेला रस्सा परत, छातीत जळजळ, पित्ताच्या पातळ औषधाची दोन झाकणं पोटात आणि लगेच त्याच्यावर झोपायची नसांची गोळी. रात्रभर तळपाय पेटलेले. सकाळी घरचे म्हणतात गोळी लागू पडेना, आणि पुढच्या वेळी मात्रा वाढते. खरं तर गोळीचा दोष नव्हता, दोन तासांचा होता, आणि ते पातळ औषध म्हणजे मॅग्नेशियमच आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं!

प्रीगॅबालिनचं असं नाही. मात्रा कमी असो की जास्त, त्यातलं 90 टक्क्यांहून जास्त शोषलं जातं. अंतराची वरची अट गॅबापेन्टिनची आहे, म्हणून आपल्या स्ट्रिपवर नक्की कुठलं नाव आहे ते आधी वाचून घ्या, दोन्ही नावं कानाला सारखी लागतात आणि गल्लत होते.

एक भीतीही बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. ही दोन्ही औषधं नसांतल्या कॅल्शियमच्या दारांवर बसतात हे कुठंतरी वाचलेलं असतं, मग कॅल्शियम घेतलं की औषध मारलं जाणार असं वाटतं आणि आक्का दूधसुद्धा बंद करतात. तसं काही होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीत ठेवतं, गोळीनं किंवा गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाच्या ग्लासानं ती दारं बदलत नाहीत. उलट दूध आणि नाचणी खाऊन निम्मं काम भागत असेल तर गोळी कमी लागते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि राधानगरी-गगनबावड्याकडं ती पिकतेच की.

आता किडनी. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन दोन्ही लघवीवाटे बाहेर पडतात, जादाचं मॅग्नेशियमही तिथूनच जातं. शुगर जुनी असेल तर नसांबरोबर किडनीही थकलेली असू शकते, आणि तेव्हा दोन्ही साठत जातात. दोन्हींनी गुंगी येते, अंग ढिलं पडतं, त्यामुळं म्हातारं माणूस दिवसभर पेंगतं, रात्री उठताना पडतं, आणि घरात "वय झालं" म्हणून सोडून देतात. माझ्या मते हा या सगळ्यातला खरा धोका आहे, आणि किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या एका साध्या रक्ततपासणीनं तो आधीच कळू शकतो. किडनीचं काम कमी झालेलं असेल तर औषधाची मात्रा कमी करावी लागते आणि मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही, पोटऱ्यांना कितीही वांब येऊ देत. किडनी चांगली असली तरी गोळीतून दिवसाला 350 मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम नको अशी अमेरिकेतली मर्यादा आहे, त्याआधीच जुलाब सुरू होतात बऱ्याच जणांना.

झिंकची गोष्ट उलटी आहे. ते या औषधांशी भांडत नाही, पण मोठ्या माणसानं दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि तांबं कमी झालं की नसाच खराब होतात. कोविडमध्ये सुरू केलेली 50 मिलिग्रॅमची गोळी अजून चालू असेल तर विचारा. बी6 हे जीवनसत्त्व आहे, खनिज नव्हे, पण ताकदीच्या गोळीत ते असतंच आणि जास्त दिवस जास्त मात्रेत तेही मुंग्या आणतं. युरोपात 2023 मध्ये त्याची वरची मर्यादा दिवसाला 12 मिलिग्रॅम ठरवली, अमेरिकेत ती 100 आहे. प्रीगॅबालिनच्या स्ट्रिपमध्ये बऱ्याचदा मिथाइलकोबालामिन म्हणजे बी12 आधीच मिसळलेलं असतं, ते नुकसान करत नाही, आणि बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत बी12 कमी पडू शकतं म्हणून ते कामाचंही आहे, फक्त तेच परत वेगळ्या गोळीत विकत घेऊ नये.

लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, लोह चहाबरोबरही नको, थायरॉईडची गोळी असेल तर या दोन्हींपासून चार तास लांब. कार्बामाझेपिन बरीच वर्षं चालू असेल तर ड जीवनसत्त्व कमी होतं, नुसतं कॅल्शियम घेऊन भागत नाही. शिवाय कार्बामाझेपिन आणि ड्युलोक्सेटिननं रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी आणि मीठ पूर्ण बंद असेल तर म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं, तेव्हा वाट बघत न बसता लगेच डॉक्टरांकडं न्यायचं.

सोयीचं वेळापत्रक असं पडतं, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, मॅग्नेशियम किंवा अँटासिड संध्याकाळी सातपर्यंत आणि गॅबापेन्टिनचा रात्रीचा डोस साडेनऊच्या पुढं. दिवसाचे डोस असतील तर तिथंही तेच दोन तास. सीपीआरला म्हणजे सरकारी दवाखान्यात जा नाहीतर खाजगीत, जाताना सगळ्या स्ट्रिपा आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्या, पित्ताचं पातळ औषधसुद्धा. आणि गुंगी येते म्हणून नसांची गोळी मनानं एकदम बंद करू नका, ती निदान आठवडाभर टप्प्याटप्प्यानं उतरवावी लागते. ताकदीची गोळी मात्र डॉक्टरांनी दिलेली नसेल तर भेट होईपर्यंत चार दिवस बाजूला ठेवली तरी चालते.