सब्लो: विमान कर्मचाऱ्यांच्या फुकट प्रवासामागची गोष्ट

२६ मार्च २०१७. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने मिनियापोलिसला निघालेल्या दोन मुलींना गेटवरच थांबवलं, कारण त्यांनी लेगिंग्ज घातल्या होत्या. शेजारच्या गेटवरच्या एका बाईंनी ते ट्विटरवर टाकलं आणि दिवसभर जगभरातून कंपनीला शिव्या पडल्या. कंपनीने खुलासा केला की या मुली तिकीट काढून आलेल्या नव्हत्या, कर्मचाऱ्याच्या पासावर चालल्या होत्या आणि पासवाल्यांना कपड्यांचे नियम असतात. या खुलाशाने लोक आणखीच भडकले. विमान कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांना मात्र यात वावगं काही वाटलं नाही. पासावर जाताना असे कपडे घालून जायचं नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं असतं.

बाहेरच्याला जाच वाटावा आणि आतल्याला साधी रीत वाटावी असे बरेच नियम या प्रवासाला आहेत. ते आले कुठून हे बघायचं तर आधी रेल्वेकडे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आमदार, न्यायाधीश, वर्तमानपत्रांचे संपादक अशा उपयोगी माणसांना मोफत पास वाटत. पास खिशात असलेला संपादक रेल्वेविरुद्ध काय लिहिणार? १९०६च्या हेपबर्न कायद्याने ही खिरापत बंद केली, पण रेल्वेचे कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांना सूट ठेवली. पुढे १९३८मध्ये विमान वाहतुकीसाठी कायदा झाला तेव्हा हीच सूट त्यात आली. वाहतुकीच्या धंद्यात नोकराला आपल्या गाडीतून फुकट नेणं हा त्याच्या मेहनतान्याचाच भाग, ही समजूत तेव्हापासून पक्की आहे.

आपल्याकडेही रेल्वेचा पास घरोघरी माहीत आहे. कुणाचे तरी काका किंवा आजोबा रेल्वेत असतात, वर्षाचे ठरलेले पास आणि त्याशिवाय एक तृतीयांश भाड्यात जाण्यासाठीचा पीटीओ. पण रेल्वेच्या पासावर रीतसर आरक्षण करता येतं. बर्थ मिळाला की तो तुमचा. विमानातल्या बहुतेक कर्मचारी-तिकिटांवर तसं होत नाही. ती ‘सब्जेक्ट टु लोड’ असतात, म्हणजे पैसे भरलेले सगळे प्रवासी बसल्यावर सीट उरली तर तुम्ही. खात्यातले लोक त्याला नुसतं ‘सब्लो’ म्हणतात. पुढचं सगळं या एका अटीतून निघालेलं आहे.

विमानातली रिकामी सीट बाजार उठतानाच्या पालेभाजीसारखी, दार बंद झालं की तिची किंमत शून्य. जंबो जेट १९७०मध्ये अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने सेवेत आणलं, पुढच्याच वर्षी एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ आलं. एकेका विमानात साडेतीनशेच्या आसपास सीटा, आणि भरायला तितके प्रवासी नाहीत. त्या काळात अमेरिकेतली विमानंसुद्धा जेमतेम निम्मी भरत. रिकाम्या सीटवर एखादा मेकॅनिक आणि त्याची बायको बसली तर कंपनीला खर्च किती, तर थोडं इंधन आणि दोन जेवणं. पगार तुटपुंजा का होईना, पण बायकोमुलांना लंडन दाखवता येतं, या हिशेबावर कितीतरी माणसं याच नोकरीत टिकून राहिली. मुंबईत कालिना-सांताक्रूझ भागातल्या विमान कर्मचाऱ्यांच्या वसाहतींमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही, ज्यांच्या आधीच्या पिढ्यांत कुणी परदेश पाहिला नव्हता, तो असाच पाहिला गेला.

दुसऱ्या कंपनीच्या विमानातूनही सवलतीत जाता येतं, ते कंपन्यांच्या आपसांतल्या करारांमुळे. मूळ भाड्यात किती टक्के सूट यावर जुनी नावं पडली होती: आयडी-५०, आयडी-७५, आयडी-९०. पुढे भाड्यांची इतकी गुंतागुंत झाली की नव्वद टक्के सूट नेमकी कशावर, हेच कळेनासं झालं. मग अंतरानुसार ठरलेल्या दरांची ‘झेड’ पद्धत आली.

करखात्याने या सवलतीकडे कसं पाहिलं, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. अमेरिकेत १९८४च्या कायद्याने नोकरदारांच्या फुकट सुविधांवर कर कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवलं. विमानप्रवासाला सूट मिळाली ती एका अटीवर: कंपनीला त्यापायी जादा खर्च पडता कामा नये आणि बुडालेलं उत्पन्नही त्या खर्चात धरायचं. म्हणजे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला डावलून नोकराला बसवलं, तर ती सवलत उरत नाही, पगार होतो. सब्लोची रीत तिथे अशी थेट करकायद्याला बांधली गेली. आपल्या १९६२च्या आयकर नियमांनी एवढा कीस पाडला नाही. वाहतूक कंपनीने नोकराला खासगी प्रवास फुकट किंवा स्वस्तात दिला तर तो करपात्र लाभ, असं म्हणून पुढे एका वाक्यात विमान कंपनी आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं. बसवाल्यांचं नाव त्या वाक्यात नाही. का नाही, ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

आता रीतीभाती. आदल्या रात्री ‘लोड’, म्हणजे विमान किती भरलंय ते, बघायचा, सकाळी पुन्हा बघायचा. दिवसातलं शेवटचं विमान धरायचं नाही. ते चुकलं तर रात्र विमानतळावर. सामान शक्यतो हातातच ठेवायचं, कारण ‘ऑफलोड’ झालात, म्हणजे ऐनवेळी उतरवलं गेलात, तर चढवलेली बॅग शोधून उतरवण्यात सगळ्यांचाच वेळ जातो. काउंटरवर दर दहा मिनिटांनी जाऊन ‘माझं काय झालं’ विचारायचं नाही. नाव पुकारतील तेव्हा ताबडतोब उठता आलं पाहिजे. चौघांच्या कुटुंबाला चार टोकांच्या सीट मिळाल्या तर गुमान बसायचं, पैसे भरून खिडकी घेतलेल्याला ‘जरा सरकता का’ म्हणायचं नाही. जेवणात चिकन संपलं तर जे असेल ते खायचं. आणि शेजारच्याने ‘तिकीट कितीला पडलं हो?’ विचारलं तर विषय बदलायचा. त्याने चाळीस हजार मोजलेले असतात.

याला नम्रता म्हणा हवं तर, मला तो रोखठोक व्यवहार दिसतो. सवलत टिकते ती पैसे देणाऱ्या प्रवाशाला तिची झळ लागत नाही तोवर. कपड्यांच्या नियमाचं मूळही इथेच आहे. वरच्या वर्गात सीट रिकामी असेल तर तिथे बसवलं जाई, तेव्हा कोट-टाय घातलेला माणूस त्या गर्दीत खपून जायचा. आज लेगिंग्ज अडवणं मात्र मला हास्यास्पद वाटतं. त्याच विमानात पैसे भरलेली बाई लेगिंग्ज घालूनच बसलेली असते.

डेन्व्हरच्या प्रकारानंतर दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, शिकागोत युनायटेडच्या नावाने उडणाऱ्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं गेलं. ते चार कर्मचाऱ्यांना जागा करून देण्यासाठी. बऱ्याच लोकांनी दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजले, पण ते चौघे फिरायला निघालेले नव्हते. दुसऱ्या गावचं विमान चालवायला निघालेले, आपल्याकडच्या भाषेत ‘एसओडी’, म्हणजे ड्युटीवरचे होते. सब्लोवाल्यासाठी प्रवासी उठवला जात नाही. कर्मचाऱ्यांना मित्रांसाठी मिळणारे पास बाहेर विकणं हा तर नोकरी जाण्याइतका गुन्हा आहे, तरी आयजीच्या जिवावर उदार होणाऱ्या बायजी सगळ्याच कंपन्यांत निघतात.

ओळखपत्रावरच्या विश्वासाला एकदा फार मोठा तडा गेला. ७ डिसेंबर १९८७ला कॅलिफोर्नियात, नोकरीवरून काढलेला एक विमान कर्मचारी जुन्या ओळखपत्राच्या जोरावर सुरक्षा तपासणी चुकवून पिस्तूल घेऊन पीएसए या विमान कंपनीच्या विमानात चढला. ते विमान पडलं आणि त्यातले सर्व ४३ जण गेले. त्यानंतर कर्मचाऱ्यांनाही प्रवाशांसारखी तपासणी लागू झाली आणि नोकरी सुटताच ओळखपत्र काढून घेणं सक्तीचं झालं.

रिकाम्या सीट थोड्या आणि माणसं जास्त झाली की आधी कोण, हा वाद येतो. जुना नोकर आधी, की जो आधी चेक-इन करेल तो? २०१३मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या तेव्हा एकीकडे चेक-इनच्या वेळेचा नियम होता, दुसरीकडे नोकरीच्या वर्षांचा. शेवटी चेक-इनची वेळ राहिली आणि तीस-तीस वर्षं काढलेले लोक कालच्या पोरांच्या मागे उभे राहिले. त्यांचा संताप मला समजतो.

ही सवलत किती मोलाची, हे ब्रिटिश एअरवेजने २०१०मध्ये दाखवलं. केबिन क्रू संपावर गेले तेव्हा कंपनीने संपकऱ्यांची प्रवास-सवलतच काढून घेतली. ड्युटीवर यायलासुद्धा ती सवलत वापरणारे, दूर राहणारे लोक त्यांच्यात होते. मूळ वाद खर्चकपातीचा, पण पुढे तो सवलतीवरच अडून बसला. २०११मध्ये ती परत मिळाली तेव्हा कुठे समेट झाला.

मुळात ही सवलत कंपनीच्या मर्जीवर चालते आणि कंपनीबरोबरच जाते. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं आणि मुंबईतल्या हजारो घरांतून पगाराबरोबर पासही गेला. जिथे कंपन्या तगल्या तिथे अडचण निराळी आहे. आता विमानं ऐंशी टक्क्यांच्या वर भरून जातात, मे महिन्यात आणि दिवाळीत तर एक सीट उरत नाही. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला किंवा पुतण्याच्या लग्नाला जायचं असेल तेव्हा खात्यातली शहाणी माणसं महिनाभर आधी, पदरचे पैसे मोजून, साधं तिकीट काढतात.