मीटरवरचा लाल ठिपका मोजून पाहिला

आमच्या इमारतीतले सगळे मीटर जिन्याखाली, लोखंडी जाळीच्या आत आहेत. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी तिथे फोन कानाला लावून उभी होते आणि वर तिसऱ्या मजल्यावर माझा मुलगा सांगेन ते बटण लावत होता, सांगेन ते बंद करत होता. मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरात एक आकडा असतो. आमच्या मीटरवर तो ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असा आहे. म्हणजे घरात एक युनिट वीज वापरली जाईपर्यंत मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, पण छापलेला असतो. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती गरगर फिरायची, तिचंच काम आता हा ठिपका करतो.

हिशोब सोपा आहे. एका मिनिटात दिवा जितक्या वेळा लुकलुकेल, त्याला १८.७५ने गुणायचं. (३२००च्या मीटरसाठी हा गुणक; १६००चा मीटर असेल तर ३७.५.) येईल तो आकडा म्हणजे त्या क्षणी घर किती वॅट वीज ओढतंय तो.

आधी फ्रिजसकट सगळं बंद केलं, एकूणएक प्लगही काढून ठेवले. मग दिवाणखान्यातला जुना पंखा लावायला सांगितला. मिनिटाला चार, म्हणजे ७५ वॅट. पंखा बंद करून ९ वॅटचा एलईडी बल्ब लावायला सांगितला, आणि वाट पाहत बसले.

“अरे, लावलास ना?”

“लावलाय गं आई, केव्हाच.”

दोन मिनिटं होऊन गेल्यावर दिवा एकदा लुकलुकला. मग गीझर. बटणाचा खट्ट आवाज फोनवर ऐकू आला आणि ठिपका सेकंदाला दोनदा, असा धडधडायला लागला. मोजताना जीभ अडखळली. मिनिटाला १०७. बल्बच्या सव्वादोनशे पट.

हा फरक पुस्तकातून मला माहीत होता, पण डोळ्यांनी पाहिला तेव्हा हललेच. आमच्या घरात इतकी वर्षं आरडाओरडा व्हायचा तो बल्बवरून. ‘खोलीत कोणी नाही, दिवा कशाला?’ हे वाक्य मी माझ्या आईकडून ऐकलं, सासूबाईंकडून ऐकलं आणि मुलाला ऐकवलं. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं, कारण तेव्हा बल्ब ६० किंवा १०० वॅटचे असत आणि त्या विजेचा फार मोठा भाग काच तापवण्यात जायचा. २०१५च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना सुरू झाली, एलईडी बल्ब घरोघरी पोचले आणि उजेडाचा खर्च कोसळला. शिस्त मात्र आपण त्याच जागी लावत राहिलो.

विजेच्या बिलात एकच गोष्ट शोधायची असेल तर ती उष्णता. घरातलं जे यंत्र उष्णता निर्माण करतं किंवा एका जागेहून उपसून दुसरीकडे टाकतं, ते वीज खातं. जे नुसतं उजेड देतं, आवाज काढतं, चित्र दाखवतं, ते त्या मानानं फार थोडी खातं. याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. ज्या जेम्स ज्यूलच्या नावाचं हे एकक आहे, त्यानं १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये पाण्यात वल्ही फिरवून, उतरत्या वजनांनी त्यांना गती देऊन मोजून दाखवलं होतं की भरपूर काम करावं तेव्हाही पाणी पुरतं एक अंशसुद्धा तापत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर सिंहगड घ्या. पायथ्यापासूनचा चढ ६०० मीटर धरला आणि माणसाचं वजन ६० किलो, तर ते वजन वर नेण्याचं काम होतं साधारण साडेतीन लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटात दहा वेळा सिंहगड. (शरीर याच्या कितीतरी पट ऊर्जा जाळतं, पण इथे फक्त वजन उचलण्याचा हिशोब आहे.) आता बादली घ्या. वीस लिटर पाणी, नळाला २२ अंश, अंगावर घ्यायला ४२ अंश. वीस अंशांची वाढ, सुमारे पावणेसतरा लाख ज्यूल, म्हणजे ०.४७ युनिट. एका आंघोळीत पावणेपाच वेळा सिंहगड! तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा बल्ब ५२ तास जळतो. चार माणसांच्या घरात महिन्याला ५६ युनिट नुसत्या आंघोळीचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गीझरचं तापमान कमी ठेवलं की वीज वाचते, हे खरं आहे, पण लोकांना वाटतं तितकी नाही. बादलीत जेवढी उष्णता पोचायची तेवढी पोचणारच, मग ती ७५ अंशांचं थोडं पाणी घेऊन पोचो की ५५ अंशांचं जास्त पाणी घेऊन. वाचते ती टाकीतून गळणारी उष्णता. गीझरवरचे तारे त्याचेच असतात. टाकीत तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर २४ तासांत किती ऊर्जा वाया जाते, त्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो साठवणीच्या गीझरला तारे देतो. म्हणून ज्या घरात गीझरचं बटण दिवसभर चालू राहतं, तिथे पाच तारे कामाचे. जिथे आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावून सगळे पाठोपाठ आंघोळ उरकतात, तिथे तारे कमी असले तरी फार बिघडत नाही. आमच्याकडे पहिली आंघोळ साडेपाचला आणि शेवटची साडेनऊला व्हायची, मध्ये बटण चालूच. आता सगळ्या आंघोळी तासाभरात होतात. सासूबाईंनी हे सगळ्यात आधी मान्य केलं. त्यांचं बालपण बंबाचं. एकदा पेटवलेल्या बंबावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या.

विजेवर पाणी तापवणं मला आणखी एका कारणानं खटकतं. गीझरमध्ये विजेची सगळीच्या सगळी उष्णता होते. पण ती वीज आली कुठून? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिथे कोळसा जाळून उष्णता करायची, तिची वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि या प्रवासात उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. बाकीची धुराड्यातून आणि शीतमनोऱ्यांतून आकाशात जाते. मग ती वीज शेकडो किलोमीटर आणून आपण पुन्हा तिची उष्णताच करतो. चंद्रपूरच्या लोकांनी उन्हाळा आणि राख दोन्ही सोसायची, आणि पुण्यात बादली कढत व्हायची. गच्चीवर जागा आणि सोसायटीची संमती असेल तर सौर बंब हा यावरचा सरळ उपाय आहे. गॅस गीझरही वीज वाचवतो, पण बंद न्हाणीघरात तो कधीही बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानं माणसं दगावली आहेत. तो बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

थंडावा देणारी यंत्रं उष्णता निर्माण करत नाहीत, उपसतात. विहिरीतून पाणी उपसावं तशी एसी खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. एसीच्या ‘टना’चं मूळही बर्फात आहे. एक टन (अमेरिकेतला, सुमारे ९०७ किलोचा) बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो आणि त्यासाठी वीज घेतो साधारण दीड किलोवॅट. उपसा करणं निर्माण करण्यापेक्षा स्वस्त पडतं ते असं. पण विहीर खोल होत गेली की उपसा जड जातो. आत आणि बाहेर यांतला फरक जितका मोठा तितकी जास्त वीज. म्हणून १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात, आणि एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतो. २७ अंशांवर एसी आणि वर मंद पंखा, हे माझ्या अनुभवात २३ अंशांइतकंच सुखाचं आहे, कारण अंगावरून वारा गेला की घाम उडतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू मात्र डोक्यावर असतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा वाजता ते खोलीत सोडतो. तेव्हा एसी खोलीशी नाही, स्लॅबशी झुंजत असतो. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना दिला तर ऊन मुळातच परत फिरतं. अहमदाबादनं २०१७ मध्ये गरीब वस्त्यांच्या छपरांवर हाच उपाय हाती घेतला. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तो गावोगाव व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

फ्रिजचं तत्त्व तेच, फक्त तो चोवीस तास चालतो. त्याच्या मागे हात घालून पाहा, गरम हवा लागते. तीच आतली उपसलेली उष्णता. फ्रिज भिंतीला चिकटवला तर ती जायची कुठे? आमचा वीतभर पुढे ओढला. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज सुटून आला तर गारवाही तसाच सुटतोय.

पंख्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एसी नाही, पंखे मात्र आहेत आणि ते आठ-नऊ महिने फिरतात. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १५ तास, तर महिन्याला जवळपास ३४ युनिट. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. फरक मोटारीत आहे. जुन्या मोटारीत फिरणाऱ्या भागात चुंबकत्व निर्माण करायलाच वीज खर्च होते आणि तांब्याच्या वेटोळ्यात ती तापून जाते. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात. तीन पंखे बदलले तर महिन्याला साठेक युनिट वाचतात, म्हणजे चार जणांच्या आंघोळी निघाल्या. जुने खोक्यासारखे रेग्युलेटर असतील तर तेही बदला. पंखा मंद केला की उरलेली वीज त्या खोक्यात तापते. हात लावला की कळतं.

आता त्या ‘वीज बचत’ डब्याविषयी. प्लगमध्ये खोचा, हिरवा दिवा लागेल, बिल तीस-चाळीस टक्के उतरेल, असं सांगून विकतात. आमच्या एका नातेवाइकांनी आणला होता, मोठ्या आशेनं. त्यांच्याकडे जाऊन मी मीटर मोजला, डबा लावून आणि काढून. ठिपक्याचा वेग तसाच राहिला. डब्यात एक कपॅसिटर असतो, तो फार तर पॉवर फॅक्टर, म्हणजे विजेचा दाब आणि प्रवाह यांचा ताल किती जुळतो ते माप, सुधारतो. घरगुती बिल मात्र प्रत्यक्ष खर्चलेल्या युनिटवर येतं, त्यात त्यानं काही फरक पडत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाचे पैसे असे जातात याचा मला राग आहे. कोणी असा डबा घेऊन आलं तर त्याला मीटरपाशी न्या आणि दोन मिनिटं मोजायला लावा.

बिलाच्या पाठीमागचा तक्ताही एकदा वाचा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत, ३००पर्यंत, ५००पर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. १०१वं युनिट वापरलं की सगळ्याच युनिटना चढा दर लागतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, फक्त वरच्या युनिटना लागतो. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात आहे, आणि वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टोकाकडून कमी होतं. ३४० युनिट वापरणाऱ्यानं ६० वाचवले, तर त्यातले ४० त्याच्या बिलातले सगळ्यात महाग युनिट असतात. वर १६ टक्के वीज शुल्कही तेवढ्यानं घटतं.

त्या रविवारी शेवटी मी मुलाला प्लग परत लावून, रोज करतो तसं सगळं बंद करायला सांगितलं. दिवे, पंखे, टीव्ही रिमोटनं. फ्रिजही भिंतीवरच्या बटणानं. खाली ठिपका पाच मिनिटांत आठ वेळा लुकलुकला. सगळं बंद असताना ३० वॅट! रात्रंदिवस धरले तर महिन्याला साडेएकवीस युनिट. मोबाइलचा रिकामा चार्जर याला जबाबदार नव्हता, तो इतकं कमी घेतो की आमच्या ठिपक्याला कळतही नाही. मुलगा एकेक प्लग काढत गेला. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स हाताला कोमट लागत होता, रिमोटनं ‘बंद’ करूनही. तो भिंतीवरच्या बटणानं बंद केल्यावर पाच मिनिटांत पाच. उरलेले राउटर आणि इन्व्हर्टर. ते चालूच ठेवले; इन्व्हर्टर तर हवाच, कारण रात्री वीज गेली तरी सासूबाईंना कधी वाफ घ्यायचं यंत्र लागतं. सेट-टॉप बॉक्सच्या महिन्याच्या आठ युनिटमधले जमतील तेवढे आता रात्री झोपताना टीव्हीपाशी वाकून वाचवायचे असतात, आणि ते काम मुलानं आपल्याकडे घेतलंय.