‘शेल शॉक’ ही संज्ञा आणि कादंबरीतला कोवळा सैनिक : पार्श्वभूमी

अमेरिकन यादवी युद्धातल्या एका कोवळ्या शिपायाची भीती त्याच्याच मनातून सांगणारी कादंबरी १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिचा विषय मात्र रणांगणावरची भीती हा होता. ती भीती घेऊन घरी परतलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न कथासाहित्यात ठळकपणे आला तो पहिल्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे एका शब्दावरून झालेला वाद आहे.

‘शेल शॉक’ हा शब्द १९१५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, अशी तेव्हाची समजूत होती. पण वाचा गेलेल्या, थरथरणाऱ्या अनेक रुग्णांच्या आसपासही गोळा फुटलेला नव्हता. (मराठीतला ‘धसका’ हा शब्द इथे अधिक नेमका ठरला असता, कारण धसका घ्यायला गोळा लागत नाही.) तरीही सैन्याने रुग्णांचे दोन वर्ग पाडले. शत्रूच्या माऱ्यामुळे आजारी पडलेला सैनिक ‘जखमी’ ठरे आणि जखमी झाल्याची खूण म्हणून मिळणारी पट्टी गणवेशावर लावू शके. बाकीचे नुसते ‘आजारी’ गणले जात. जून १९१७ मध्ये आघाडीवर हा शब्द वापरण्यासच मनाई झाली आणि अशा रुग्णांच्या कागदावर ‘अद्याप निदान नाही’ अशा अर्थाचा शेरा येऊ लागला. १९२२ च्या सरकारी चौकशी अहवालानेही ही संज्ञा टाकून देण्याचीच शिफारस केली. रुग्णांची गर्दी आवरण्याची प्रशासकीय गरज समजण्यासारखी असली, तरी ज्याला जखम दाखवता येत नव्हती, त्याच्या दुखण्याला उरलेले एकमेव नावही या निर्णयाने काढून घेतले, हे नाकारता येत नाही.

दप्तराने गाळलेली ही माणसे कादंबरीत आली. १९२५ च्या एका लंडनच्या कादंबरीतला माजी सैनिक डॉक्टरांच्या विश्रांतीच्या सल्ल्यापासून सुटका म्हणून खिडकीतून उडी घेतो. शाळेच्या बाकावरून थेट खंदकात गेलेल्या मुलांची जर्मन कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली; तिचा नायक रजेवर घरी येतो, तेव्हा विचारपूस करणाऱ्यांना काय सांगावे हेच त्याला उमगत नाही. १९३३ मध्ये नाझींनी तिच्या प्रती जाळल्या.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आग्रहामुळे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारशास्त्राने आघातोत्तर तणाव विकाराला (भयंकर अनुभवानंतर मनात उरणाऱ्या दुखण्याला, म्हणजे ‘पीटीएसडी’ला) अधिकृत स्थान दिले. त्यानंतरच्या लेखकांना नवे नाव आयते मिळाले. तरी १९९१ ते १९९५ दरम्यानच्या एका ब्रिटिश कादंबरीत्रयीने पुन्हा १९१७ चेच रुग्णालय निवडले. तिथे अधिकाऱ्यांशी संवाद साधून उपचार होतात, तर लंडनमध्ये वाचा गेलेल्या साध्या शिपायाला विजेचे झटके दिले जातात.

वय चोरून भरती झालेला मुलगा आणि लष्करी न्यायालयाच्या हुकमाने गोळ्या घातला गेलेला त्याचा थोरला भाऊ यांची कथा २००३ मध्ये किशोरवाचकांसाठी आली. तीन वर्षांनी ब्रिटनने पहिल्या महायुद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली मारलेल्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा मात्र त्या कायद्याने कायम ठेवल्या.