शहरी पाण्यातील फ्लाय फिशिंग (नाशिक परिसर)

शहरातले तलाव, बंधाऱ्यांमागचे डोह आणि धरणांचे फुगवटे यांत सायप्रिनस ऊर्फ कॉमन कार्प आणि त्याचा रंगीत भाऊबंद कोय यांना कृत्रिम माशीने पकडण्याचा छंद. नेहमीच्या गळाला शिसे किंवा आमिष दूर नेते. इथे माशीला वजनच नसते. गळावर पीस, लोकर आणि दोरा बांधून ती तयार होते. तिला पुढे नेते ती जाड, मुलामा दिलेली दोरी. त्यामुळे फेक जमली नाही तर माशी पायाशीच पडते. कार्पसाठी साधारण 9 फूट लांबीची, 6 ते 8 क्रमांकाची (क्रमांक म्हणजे ती पेलते त्या दोरीच्या वजनाची श्रेणी) काठी वापरतात आणि दोरीच्या टोकाला 9 ते 12 फूट बारीक पारदर्शक तंगूस जोडतात.

सायप्रिनस मूळचा भारतीय नाही. 1939 मध्ये तो श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि 1957 मध्ये बँकॉकहून आणखी एक वाण कटकला आणला गेला. मत्स्यबीजाबरोबर पुढे तो देशभर पसरला. कोय जपानच्या निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रंग निवडत घडवला. 1914 च्या टोकियोतील प्रदर्शनानंतर तो सर्वत्र माहीत झाला. नाशिककरांना तो भेटतो मुख्यतः बागेतल्या हौदात आणि घरच्या टाकीत. नदी-तलावात दिसला तर कुणीतरी आणून सोडलेला असण्याचीच शक्यता जास्त.

नाशिक तळ्यांचे शहर नाही, हे आधी लक्षात घ्यावे. इथले संथ पाणी म्हणजे गोदावरीवरच्या बंधाऱ्यांमागे साठलेले पट्टे, आणि शहराच्या पश्चिमेला 1965 मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचा फुगवटा. फुगवटा या छंदाला विशेष अनुकूल आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरते तशी गाळपेर जमीन उघडी पडते. पावसाळ्यात तीच पुन्हा बुडते आणि बुडालेल्या गवतात सायप्रिनस अंडी घालतो. अंडी चिकट असल्याने गवताला धरून राहतात. रोहू, कटला आणि मृगळ यांना मात्र त्यासाठी वाहते, पुराचे पाणी लागते. सायप्रिनस धरणात सहज टिकतो, त्याचे एक कारण हेच.

कार्प हा सावध मासा आहे. त्याच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, म्हणून काठावरची पावले त्याला लांबून कळतात. कातडीला जखम झाली की तिच्यातून सुटणारे रसायन बाकीच्यांना सावध करते, आणि एक मासा बिथरला की सगळा थवा खोल जातो. तो तळाशी चरतो : गढूळ ढग उठतो, बुडबुड्यांची ओळ वर येते, उथळ पाण्यात शेपूट बाहेर डोलते. अशा वेळी माशी त्याच्या वाटेत, तोंडापुढे वीतभर अंतरावर हळूच बुडवायची. तो तिला झटका देऊन नेत नाही. गाळासकट ओठ पुढे काढून ओढून घेतो आणि नकोसे वाटले तर क्षणार्धात थुंकतो. दोरीला हिसका जाणवेपर्यंत थांबणारा बहुतेकदा उशिरा ठरतो. तोंड उघडलेले दिसताच, किंवा दोरीची हालचाल अडखळताच, काठी उचलावी लागते. याच एका क्षणासाठी माणसे तासन्‌तास उन्हात उभी राहतात.

माशी म्हणून अळी, झिंगा आणि किड्यांचे नमुने चालतात. गवत्या मासा (ग्रास कार्प) असलेल्या पाण्यात हिरव्या पात्याची नक्कल कामी येते. कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. लोक जिथे कुरमुरे आणि कणकेचे गोळे टाकतात, तिथे पांढऱ्या लोकरीची तरंगती माशी मासे बेधडक घेतात. मात्र रामकुंडाच्या आणि इतर तीर्थांच्या पाण्यात गळ टाकू नये. तिथले मासे भाविकांच्या श्रद्धेने पोसलेले असतात आणि काठावर अंघोळीची गर्दी असते. फेकताना दोरीबरोबर मागे जाणारा गळ माणसाला लागू शकतो.

हंगामाचा विचार करता पुराचे गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबावे लागते. थंडीत निफाडकडचा पारा खूप उतरतो, तेव्हा मासे मंद होतात आणि ऊन चढल्यावरच चरू लागतात. फेब्रुवारीपासून पाणी तापू लागते, तसा जोर येतो. शहरातल्या नदीपात्रात याच सुमारास पाणवेली पसरू लागल्या, तर फेकायला मोकळी जागाच मिळत नाही.

धरणांतली मासेमारी शासन बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देते. काठी घेऊन जाण्याआधी संस्थेला आणि धरणाच्या यंत्रणेला विचारावे; भोई व आदिवासी कुटुंबांची रोजी त्याच पाण्यावर असते. कडवा-गोदावरी संगमावरचे नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे हा छंद नको.

छंद म्हणून पकडलेला मासा बहुतेक जण परत सोडतात. उलटा काटा नसलेला गळ, ओला हात आणि पाण्यातच सुटका, ही त्याची रीत. मात्र जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत सायप्रिनसचे नाव आहे. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उखडतो. त्यामुळे तो सोडायचाच तर पकडला त्याच पाण्यात. घरच्या टाकीतला कोय तलावात तर कधीच सोडू नये : कोय हर्पिस विषाणूची लागण झालेले मासे वरून निरोगी दिसू शकतात, आणि हा विषाणू सायप्रिनसचा सगळा साठा मारू शकतो.